मोठ्या अक्षरांची प्रत

योरिंडे आमच्या गावात आली तेव्हा तिला वाऱ्याच्या विरुद्ध सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती, आणि महिन्याभरात लुबर्टमामाच्या कचेरीतली खिडकीजवळची खुर्ची तिची झाली. आधी ती कोणाची होती हे सांगायला हवं का? माझी होती. बसायची गादीसुद्धा मीच विणली होती.

मामाची कचेरी म्हणजे नदीकाठची जुनी लोण्याची फॅक्टरी. लोणी माझ्या जन्माआधीच बंद झालं. आता मामा तिथे शाळेच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करतो, पानं लावतो आणि तयार झाली की छापखान्याला धाडतो. बुधवारी शाळा लवकर सुटते, आणि मी लहान असल्यापासून बुधवारची दुपार तिथेच घालवत आले आहे. मामाने मला सगळ्यात आधी शिकवले ते मोड.

मोड म्हणजे सोपी गोष्ट आहे, पण लोक उगाच घाबरतात. समजा, गणिताच्या पुस्तकाची मुलांची प्रत वेगळी हवी आणि उत्तरंवाली बाईंची प्रत वेगळी. साधी माणसं दोन फायली करतात, मग एकीत चूक सुधारतात आणि दुसरीत विसरतात. आम्ही एकच फाईल करतो. जो मजकूर फक्त बाईंसाठी, त्याच्या आधी एक ओळ आणि नंतर एक ओळ टाकायची, मोडचं नाव घालून. संगणकाला पानं तयार करायला सांगताना ते नाव पुकारलं की उत्तरं येतात. नाही पुकारलं तर येत नाहीत, आणि मधे रिकामी जागाही राहत नाही. खालचा मजकूर मुकाट्याने वर सरकतो, जणू तिथे कधी काही नव्हतंच. वर्गातल्या हजेरीसारखं, फक्त इथे गैरहजर मुलाचं बाकसुद्धा उचलून नेतात.

तर योरिंडे. ती माझी मावसबहीण. तिची आई कामासाठी वर्षभर परदेशी गेली, म्हणून ही उट्रेख्ट शहर सोडून मामाकडे राहायला आली. ती शीळ वाजवते, तीही सुरात. तिचे केस पावसात भिजले तरी छान दिसतात. मामाने तिला मोड एकदा समजावले, आणि दुसऱ्या दिवशी तिने मामाला एक गोष्ट दाखवली जी मामालाच माहीत नव्हती. मामा खूश होऊन हसला. मग कॉफीच्या वेळी त्याने बिस्किटांचा डबा उघडला, सगळ्यांना एकेक दिलं, आणि झाकण लावलं नाही. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट आणि झाकण बंद, ही रीत आहे. माझ्यासाठी ते झाकण कधी उघडं राहिलं नव्हतं. घरी जाताना मी इतक्या जोरात पॅडल मारले की साखळी निसटली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यात आजोबा-आजी, म्हणजे आमचे ओपा आरेंड आणि ओमा यांटिना, यांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव आला.

आमच्या घरात लग्नाचा मोठा वाढदिवस म्हणजे गाण्यांची पुस्तिका. सगळ्यांना पाठ असलेल्या चाली घ्यायच्या आणि त्यांवर नवी कडवी रचायची, त्या जोडप्याची यथेच्छ टिंगल करणारी. ते दोघं कागदी गुलाबांच्या कमानीखाली बसतात आणि अख्खं सभागृह त्यांची उणीदुणी सुरात काढतं. कडवी त्यांना आधी कळता कामा नयेत, म्हणून त्यांच्या प्रतीत फक्त धृपद असतं. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत एक ओळ. आजवरच्या प्रत्येक पुस्तिकेत ती ओळ अशी आहे: ‘जुळणी – हिस्के आणि लुबर्ट’. हिस्के म्हणजे मी. त्या ओळीसाठी मी काय वाटेल ते करीन. पुस्तिकेची फाईल मामाची असते, ती पाहुण्यांना फुकट मिळते आणि केकचा हात लागून खराब होते, तरीही.

मामा म्हणाला, या वेळी योरिंडेला करू दे, तुझ्या परीक्षा आहेत. माझ्या परीक्षा संपल्या होत्या. मी म्हटलं, बरंच झालं. मी हे ज्या आवाजात म्हटलं तो आवाज कुत्र्यालाही कळला असता, पण मामाला फक्त शब्द कळतात. मला काम मिळालं कमानीसाठी गुलाब करायचं आणि एक कडवं लिहायचं. कडवं मी झकास लिहिलं: मधुचंद्राला निघालेले ओपा अर्ध्या वाटेतून परत आले, कारण कबुतरखान्याचं दार उघडं राहिल्याचा त्यांना संशय आला, आणि ओमा स्टेशनावर सँडविच खात बसल्या.

रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी मी गुलाबांचं खोकं ठेवायला फॅक्टरीत गेले. कोणी नव्हतं. टेबलावर नमुन्याच्या प्रती होत्या. मी त्या चाळल्या, आणि कशासाठी चाळल्या ते लपवत नाही: चूक शोधायला. चूक नव्हती. पानाच्या कोपऱ्यात इवलंसं कबुतर होतं, माझ्या कडव्यावरून सुचलेलं, आणि ते पानागणिक थोडं थोडं उडत होतं. मला कबुतर सुचलं नव्हतं. शेवटच्या पानावर ‘जुळणी – योरिंडे आणि लुबर्ट’.

मग हातात आली खेशेमावशीची प्रत. खेशेमावशी म्हणजे ओमाची बहीण. आयुष्यभर तिने गावातल्या पोरांना पोहायला शिकवलं, त्यामुळे तिचा आवाज नदीपलीकडे जातो. घरातलं कुठलंही गाणं तीच उचलते, बाकीचे तिच्या मागून. हल्ली तिच्या नजरेच्या बरोबर मध्ये एक डाग आला आहे. अक्षराकडे बघितलं की अक्षर जातं, म्हणून ती अक्षराच्या शेजारी बघून वाचते. याबद्दल तिच्यासमोर कोणी बोलत नाही. तिच्यासाठी मोठ्या अक्षरांची प्रत करायची होती.

ती प्रत सगळ्यात जाड हवी होती. पण तीच सगळ्यात पातळ होती.

मला लगेच कळलं. योरिंडेने कडव्यांना ‘पाहुणे’ हा मोड लावला होता. पाहुण्यांच्या प्रती करताना ते नाव पुकारलं, कडवी आली. मोठ्या अक्षरांची प्रत करताना मात्र तिने फक्त ‘मोठी अक्षरं’ पुकारलं. तिला वाटलं, एका वेळी एकच मोड चालतो. पाहुणे गैरहजर, कडवी गैरहजर, बाकंसुद्धा उचललेली. खेशेमावशीच्या प्रतीत धृपद, त्याखाली धृपद, त्याखाली धृपद.

मी त्या रिकाम्या फॅक्टरीत गिरकी घेतली. खरंच घेतली. मग प्रती टेबलावर ठेवल्या आणि ठरवलं, उद्या तालीम होऊ दे, कॉफी होऊ दे, मामा तिचं कौतुक करू दे, त्या कबुतराचंही करू दे. आणि मग मी सांगेन. वाक्यसुद्धा तयार केलं. त्याची सुरुवात ‘योरिंडे’ या शब्दाने होत होती. घरी जाताना वारा समोरून होता आणि मला जाणवलाच नाही.

बुधवारी फॅक्टरीत सगळी भावंडं, मामा-माम्या, अकॉर्डियन वाजवणारे शेजारी फोके, असे सगळे जमले. ओपा-ओमाला अर्थात बोलावलं नव्हतं. योरिंडेने प्रती वाटल्या. खेशेमावशीने आपली प्रत लांब धरली आणि म्हणाली, “एवढाली अक्षरं? मी वाचायचंय की घराच्या छपरावर रंगवायचंय?” सगळे हसले. तिने प्रत हळूच जवळ घेतली.

पहिलं धृपद असं उठलं की खिडक्या थरथरल्या. मग कडवं आलं, माझं, कबुतरांचं. मी ऐकायला कान टवकारले होते, पण माझं लक्ष योरिंडेकडे होतं, ती कधी एकदा खुशीत येते आणि मी कधी एकदा तोंड उघडते याकडे. त्यामुळे खेशेमावशीचा आवाज बंद पडल्याचं मला उशिरा कळलं. धृपदाला तो परत आला. पुढच्या कडव्याला पुन्हा गेला. तिच्याशिवाय आमचं गाणं म्हणजे शेपूट तुटलेला पतंग. ते आपोआप थांबलं.

खेशेमावशी प्रत डोळ्यांच्या डावीकडे नेत होती, उजवीकडे नेत होती. तिने पान उलटलं, परत मागे उलटलं. चष्मा काढून स्वेटरच्या टोकाने पुसला. आणि पोहायच्या तलावावरची ती बाई अगदी हळू म्हणाली, “लुबर्ट, या वेळी दुसऱ्या कोणाला पुढे उभं कर.”

मामाने विचारलं, “काय झालं, मावशी?”

“कडवी दिसत नाहीत मला. एक ओळ दिसत नाही. डाग वाढला असणार. यांटिनाला मात्र काही सांगू नका, तिचा दिवस जाऊ दे नीट.”

फोकेंनी अकॉर्डियनचा भाता दाबला तेवढाच एक उसासा आला. माझं तयार वाक्य जिभेवर होतं. मी तोंड उघडलं, पण त्याचा पहिला शब्द आलाच नाही.

“खेशेमावशी, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही,” मी म्हटलं. “कडवी तुमच्या प्रतीत नाहीतच.”

तिचा विश्वास बसला नाही. माझं मन राखायला बोलतेस, म्हणाली. मग मी तिच्याजवळ जाऊन तिचं बोट धरून पानावरून फिरवलं, एकेक ओळ वाचून दाखवली. धृपद. धृपद. धृपद. तिसऱ्या वेळी ती हसू लागली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

“म्हणजे आंधळी मी नाही, ही पुस्तिका आहे होय?”

आता सगळे योरिंडेकडे बघत होते. ती आधी पांढरी पडली, मग लाल झाली. तिने पहिलं पानच तपासलं होतं, असं ती कसंबसं म्हणाली. हाच तो क्षण, ज्यासाठी मी गिरकी घेतली होती. आणि झालं काय? खेशेमावशीने तिची पाठ थोपटली. मामा म्हणाला, ही चूक केल्याशिवाय कोणी मोड शिकत नाही. आणि त्याने डबा उघडून तिला दुसरं बिस्किट दिलं. दुसरं! चूक तिची, सापडली मला, आणि बिस्किट तिला.

कॉफीनंतर मामाने आम्हा दोघींना आत पाठवलं, दुरुस्त करा म्हणून. ती खुर्चीवर, मी मागे उभी. तिने विचारलं, दोन्ही नावं एकदम पुकारली तर चालेल ना, ‘पाहुणे’ आणि ‘मोठी अक्षरं’? चालेल, मी म्हटलं, हवे तेवढे मोड एकदम चालतात. पण फोकेंची सुरावटवाली प्रत करताना पुन्हा आठवण ठेवावी लागेल, आणि तू विसरशील.

“मग काय करू?”

हा प्रश्न मी जरा चाखला. मग सांगितलं, “‘पाहुणे’ काढूनच टाक. ‘जोडपं नसेल तर’ अशी अट घाल. कोणाकोणाला द्यायचं याची यादी कशाला? कोणाला द्यायचं नाही तेवढं सांग.”

“अरे हो! मग कडवी सगळीकडे आपोआप येतील, फक्त त्या दोघांच्या प्रतीला नाव पुकारलं की झालं.” एका क्षणात. मला हे कळायला अख्खा हिवाळा गेला होता. मी नदीकडे बघत राहिले.

टंकता टंकता, मागे न वळता ती म्हणाली, “तुला कालच कळलं होतं ना? तू गुलाब ठेवून गेलीस त्यानंतर माझ्या प्रतींचा क्रम बदललेला होता.”

“हो.”

“मग गप्प का बसलीस?”

मी खिडकीची कडी उघडली आणि परत लावली.

“मी तुझ्या जागी असते तर कार्यक्रमापर्यंत थांबले असते,” ती म्हणाली. “मामा तुला न विचारता कॉफीत दूध घालतो. मला अजून रोज विचारतो. माहितीये तुला, किती राग येतो ते?”

मला माहीत नव्हतं. दुधाकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं. माझ्यावर कोणीतरी जळतं आहे ही बातमी इतकी गोड होती की मी ती घरापर्यंत तोंडात धरून नेली.

शनिवारी सभागृहात ओपा-ओमा कमानीखाली बसले. कबुतरांच्या कडव्याला ओमाने ओपांना कोपराने असं ढोसलं की एक गुलाब खाली पडला. खेशेमावशीचा आवाज एकदाही थांबला नाही. मी टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला आणि मग हळूच शेवटचं पान उघडलं. ‘जुळणी – योरिंडे आणि लुबर्ट’. शेजारच्याची प्रत उघडली, तेच. पलीकडच्या टेबलावरच्याही बघितल्या. तेच, तेच. मी योरिंडेला सगळं सांगितलं, आणि तिने एक ओळ दिली नाही.

तेवढ्यात नदीपलीकडे जाणारा तो आवाज सभागृहाच्या दुसऱ्या टोकाहून आला, “हिस्के, अगं इकडे ये. तुझं नाव एवढं मोठं कशाला छापलंय? हे तर मला चष्म्याशिवाय दिसतंय!”

मी धावले. मोठ्या अक्षरांच्या प्रतीचं शेवटचं पान. कबुतर नाही, चौकट नाही. पान भरून, एकेक अक्षर मुठीएवढं: ‘जुळणी – हिस्के’. योरिंडेने त्या ओळीला ‘मोठी अक्षरं’ हा मोड लावला होता, आणि आपलं आणि मामाचं नाव त्या प्रतीतून वगळलं होतं.

खेशेमावशीने ते सगळ्या सभागृहाला वाचून दाखवलं. दोनदा. लोक वळून बघू लागले. योरिंडे कमानीजवळ उभी राहून शीळ वाजवत होती, छताकडे बघत, जणू तिचा काही संबंधच नाही.

तिचं नाव बाकी सगळ्यांच्या प्रतींत आहे, मुंगीएवढं. माझं एकाच प्रतीत आहे, पण बैलाएवढं. ती प्रत खेशेमावशी कोणालाही देत नाही, तिच्या रेडिओशेजारी उभी करून ठेवली आहे, आणि मी जाईन तेव्हा बघते. हिशेब मला चालेल. फक्त ही युक्ती मला का सुचली नाही, याचं अजून पोटात दुखतंय.