मूळ नाटकात आत्या नाही

अंक पहिला
(पडदा नाही. पडदा लावायला जागाच नाही.)

छापखान्याच्या वर चाळीस खुर्च्यांची एक खोली होती. तिला थिएटर म्हणायचं, कारण कुणी खोली म्हटलं की भाऊजी दिवसभर फुगून बसत. भाऊजी म्हणजे दिग्दर्शक. तसे ते एकट्या वहिनींचे भाऊजी, नवऱ्याचे धाकटे भाऊ. पण वहिनी मात्र अख्ख्या नाटकमंडळीच्या वहिनी होत्या, आणि सव्वीस वर्षं मंडळीच्या प्रॉम्प्टर होत्या.

त्या मंडळीत कुणीही पाठांतर करत नसे. करायची गरजच पडली नव्हती. जुन्या मोठ्या हॉलमध्ये वहिनी विंगेत उभ्या राहत, बोट संहितेच्या ओळीवर, आवाज नाकाच्या शेंड्यापर्यंतच. बाकीच्यांना पहिले तीन शब्द दिले की गाडी पुढे जाई. नवऱ्याला सबंध वाक्य द्यावं लागे, पूर्णविरामासकट. नवरा हा मंडळीचा मुख्य नट. आवाज असा की मागच्या रांगेतला डुलकी काढणारा माणूस दचकून उठावा, आणि डोक्यात शब्द म्हणाल तर एक नाही. "माझी स्मरणशक्ती घरी असते," तो कौतुकाने सांगे, "स्वयंपाक करून येते आणि विंगेत उभी राहते." लोक हसत. वहिनीही हसत. पहिली दहा वर्षं मनापासून, नंतर सवयीने.

तो हॉल पाडायला काढला तेव्हा मंडळी या खोलीत आली आणि भाऊजींनी एक रशियन नाटक निवडलं. शंभर वर्षांपूर्वीचं, चार अंकी. त्यात एका निवृत्त कर्नलचं कुटुंब गाव सोडून निघालेलं असतं. पहिल्या अंकात सामान बांधतात. दुसऱ्यात घोडे येतात. तिसऱ्यात गाडीचं चाक निखळतं. चौथ्यात चाक बसतं, घोडे तयार असतात, आणि कुणीच जागचं हलत नाही. नाटकातल्या प्रत्येक माणसाला तीन-तीन नावं होती, रागात एक आणि लाडात भलतंच. भाऊजींनी पहिल्याच तालमीत सगळी नावं काढून टाकली. उरले कर्नल, त्याची मुलगी आणि डॉक्टर. कर्नल म्हणजे अर्थात वहिनींचा नवरा. मुलगी म्हणजे सार्वजनिक वाचनालयातली ग्रंथपाल, जी मागाल तेव्हा रडून दाखवी. डॉक्टरच्या भूमिकेत खराखुरा डॉक्टर होता, पण दातांचा.

अडचण एवढीच की खोलीला विंग नव्हती. होतं ते एकुलतं एक दार, तेही प्रेक्षकांच्या मागे. पहिल्या रांगेतल्यांचे गुडघे कर्नलच्या टेबलाला टेकत. इथे प्रॉम्प्टरने श्वास जरी घेतला तरी तो तिसऱ्या रांगेत ऐकू गेला असता.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "तुम्ही रंगमंचावरच बसा. कर्नलची म्हातारी बहीण. मुलीची आत्या. मांडीवर एक जाडजूड धर्मग्रंथ ठेवायचा आणि पुटपुटत बसायचं. लोकांना वाटेल म्हातारी प्रार्थना करतेय."

"म्हणजे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी यांची बहीण?"

"तुला काय फरक पडणार आहे?" नवरा म्हणाला. "मला तर पडणार नाही."

धर्मग्रंथाच्या आत संहिता चिकटवली. टेबलावर सामोवार, रशियन लोकांचं चहाचं नळवालं भांडं, ठेवला, म्हणजे पाण्याचा जुना स्टीलचा फिल्टर सोनेरी रंगवून. शेजारी वहिनींची खुर्ची. वहिनी पहिल्यांदाच उजेडात बसल्या, आणि त्यांना ती खुर्ची भलतीच आवडली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.


अंक दुसरा
(कर्नल खोकतो. थोडा वेळ गप्प.)

हीच ती कंसातली सूचना, जिच्यापासून सगळं सुरू झालं.

पाचवा प्रयोग. वहिनींच्या चष्म्यावर घामाचा थेंब आला आणि त्यांनी संवादाच्या ओळीऐवजी कंसातली ओळ वाचली. कर्नलने उभं राहून, छातीवर हात ठेवून, खर्जात जाहीर केलं, "खोकतो. थोडा वेळ गप्प."

आणि खरंच थोडा वेळ गप्प राहिला.

वहिनींनी घाईघाईने चष्मा पुसला. सव्वीस वर्षांत त्यांनी एक शब्द चुकीचा दिला नव्हता. पण प्रेक्षकांत एक गृहस्थ हळूच मान हलवत होते, जसं काही त्यांना रशियाबद्दल आजच काहीतरी कळलं. प्रयोग झाल्यावर वहिनींनी घाबरत विचारलं, "अहो, आज दुसऱ्या अंकात काही वेगळं वाटलं का?"

"छे. का गं? चांगला गेला अंक."

त्याला माहीतच नव्हतं. तो काय बोलतो हे त्याच्या कानावरून जातच नव्हतं. वहिनी त्या दिवशी भाजी चिरताना एकट्याच खुदकन हसल्या, आणि नवरा आतून म्हणाला, "काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही, मिरची."

सहाव्या प्रयोगाला त्यांनी संहितेत पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक ओळ घातली. कर्नल म्हणाला, "आत्याला चहा द्या कुणीतरी. सकाळपासून बसलीय ती." मुलीने चहा दिला. सातव्याला डॉक्टर म्हणाला, "कर्नल, तुम्ही तुमच्या बहिणीशी जरा नीट वागत जा." दातांच्या डॉक्टरांना ओळ नवी वाटली, पण वहिनींनी दिली म्हणजे असेलच, या विश्वासावर ते दहा वर्षं नाटकं करत आले होते. आठव्याला कर्नलने सबंध वाक्य, पूर्णविरामासकट, म्हटलं, "मी आयुष्यभर तुझ्याच डोक्याने चाललो." ते ऐकून वहिनींनी ग्रंथाचं पान उगाच दोनदा उलटलं. खोटं तर खोटं, पण आवाज त्याचा होता.

मग वर्तमानपत्रात आलं. पाचव्या पानावर, चार बोटं जागेत. नाटक बरं आहे, प्रकाश कमी आहे, पण सामोवारजवळ बसलेली ती आत्या विसरता येत नाही. घरातला प्रत्येक माणूस पुढे काय बोलणार हे तिला आधीच ठाऊक असतं. ओठ तिचे हलतात आणि मग बोलतात इतर.

दिग्दर्शनाबद्दल एक अक्षर नव्हतं.

भाऊजींनी कात्रण खिशात घातलं आणि तालमीला सगळ्यांना गोल बसवलं. "आपण नाटकाशी प्रतारणा केली आहे," ते म्हणाले. "मूळ नाटकात आत्या नाही. पुढच्या शनिवारी नाट्यमहोत्सवासाठी नाटकं निवडणाऱ्या परीक्षकबाई येणार आहेत, त्यांना हे नाटक तोंडपाठ आहे. त्यांच्यासमोर आत्या नको. आठ दिवस आहेत. तिसरा अंक मी कापतो. प्रत्येकाने आपापलं पाठ करायचं."

ग्रंथपालने पर्समधून रुमाल काढला.

"पाठ," दातांचे डॉक्टर म्हणाले. "म्हणजे सगळंच?"

"आणि मी?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही पहिल्या रांगेत बसा की वहिनी. आरामात बघा. इतकी वर्षं उभ्या राहिलात."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सामोवारचा नळ उघडून बंद करत होता. "बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "तुझी दगदगही वाचेल."


अंक तिसरा
(वेळेअभावी कापला आहे.)


अंक तिसरा कापल्यामुळे उरलेले आठ दिवस

घरी कर्नल पाठ करत होता. दात घासताना करत होता, जिना चढताना करत होता, बुटाची नाडी बांधताना थांबून भिंतीकडे बघत होता. वहिनी समोर बसून तपासत. "घोड्यांना पाणी," तो म्हणे आणि वहिनींच्या ओठांकडे बघे. वहिनी ओठ घट्ट मिटत. तो रुसे. "तू मुद्दाम करतेस."

"मी काहीच करत नाहीये."

"तेच म्हणतोय मी."

शनिवारी दुपारपर्यंत त्याला पहिला अंक आला, तोही बसून; उभं राहिलं की जाई. दातांच्या डॉक्टरांनी त्यांचे संवाद एका रोग्याला ऐकवून पाहिले होते. रोगी तोंड उघडं असल्यामुळे काही बोलू शकला नव्हता. ग्रंथपाल फक्त रडण्याच्या जागा पाठ करून आली होती.

चार वाजता भाऊजी वहिनींसमोर येऊन उभे राहिले. "आजचा दिवस बसा," ते खाली बघत म्हणाले. "शेवटचं. मागे सरकून, अंधारात. चहा वगैरे काही नको. उद्यापासून खुर्ची काढू." आणि जाता जाता, "ते चहाचं माझ्या लक्षात आलं होतं बरं का. मी बोललो नाही."

वहिनी बरं म्हणाल्या. मग मेकअपच्या आरशासमोर बसून त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. आज काही झालं नाही तर उद्या त्या पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन, टाळ्या वाजवत बसणार होत्या. त्यांनी चौथा अंक उघडला आणि ओळींच्या मधल्या जागेत लिहायला घेतलं. डॉक्टरला एक ओळ. मुलीला एक. नवऱ्याला एक.


अंक चौथा
(घोडे तयार आहेत. कुणीच हलत नाही.)

परीक्षकबाई तिसऱ्या रांगेच्या कडेला, पिशवी पायाशी ठेवून. भाऊजी दाराशी, दिव्यांच्या बटणांजवळ. पहिले अंक वहिनींनी असे दिले की काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मग चौथा आला.

मूळ नाटकात इथे डॉक्टर हवामानाबद्दल बोलतो. वहिनींनी पुटपुटलं. डॉक्टर वळले आणि म्हणाले, "आत्या, तुमचं सामान कुठे दिसत नाही?"

दाराशी भाऊजींनी चुकून एक दिवा घालवला आणि परत लावला.

मुलगी उठली. वहिनींचे ओठ हलले. "आत्याला कुणी विचारलंच नाही, यायचं का म्हणून," ती म्हणाली, आणि जागा नसतानाही रडली.

कर्नल पुढे आला, छातीवर हात. "इतके अंक झाले, तू गप्प आहेस. आज तू बोल. आम्ही ऐकतो."

आणि थांबला. पुढची ओळ यायची वाट बघत.

ओळ आली नाही. वहिनींनी ग्रंथ मिटला होता. सगळ्यांसाठी लिहिता लिहिता त्यांनी एकाच माणसासाठी काही लिहिलं नव्हतं, आणि तो माणूस त्या स्वतः होत्या. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. नवराही बघत होता, तोंड अर्धं उघडं, घरट्यातल्या पिलासारखं. वहिनींना कळलं की विंगेच्या त्या बाजूला, पुढच्या ओळीची वाट बघणाऱ्यांना, इतकी वर्षं हे असं वाटत आलं होतं.

"माझं सामान नाहीये," त्या म्हणाल्या. आवाज नाकाच्या शेंड्यापलीकडे गेला, भिंतीला लागला आणि परत आला. बरा होता. "मी अशीच निघते. तुम्ही बसा."

ग्रंथ काखेत मारून त्या उठल्या. पहिल्या रांगेने गुडघे वळवले. परीक्षकबाईंची पिशवी ओलांडून, भाऊजींच्या समोरून त्या दाराबाहेर पडल्या. शंभर वर्षांत त्या नाटकातून कुणी बाहेर पडलं नव्हतं.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्या बसल्या. खाली छापखान्यातला माणूस कागदाचे गठ्ठे मोजत होता.  आत दातांचे डॉक्टर म्हणाले, "गेल्या."  मग नवऱ्याचा आवाज आला, खर्ज नसलेला, घरी पायमोजा सापडत नाही तेव्हाचा.

"ती आल्याशिवाय गाडी हलणार नाही. तोवर चहा घ्या सगळ्यांनी."

दार किलकिलं करून भाऊजी बाहेर आले. कपाळावर घाम. "वहिनी, चला आत."

"कसं चाललंय?"

"दादा पहिल्या रांगेला चहा वाटतोय. आणि लोक पितायत. फिल्टरमधलं पाणी आहे वहिनी ते, महिन्याचं."

"आणि बाई?"

"पुढे वाकून बसल्यात." भाऊजींनी घसा साफ केला. "लिहून घेतायत काहीतरी. चला ना. कुणालाच पुढचं येत नाही."

"पण मूळ नाटकात आत्या नाही ना, भाऊजी."

"आहे."

"किती अंकांत?"

"चारही."

"तिसरा तुम्ही कापलाय."

भाऊजींनी दाराकडे पाहिलं, मग वहिनींकडे. आतून कपबशीचा आवाज आला आणि कुणीतरी "साखर नाही का" म्हणालं. "तिसरा परत घालतो," ते म्हणाले.

वहिनींनी काखेतला ग्रंथ त्यांच्या हातात दिला. "हा धरा मग. आत्याला आता संवाद आहेत, तिला वाचत बसायला जमणार नाही. बोट ओळीवर ठेवायचं. तुमच्या दादांना सबंध वाक्य लागतं."

"मी? मी कुठे बसू? लोकांना दिसेन मी."

"बघा की," वहिनी पदर सावरत उठल्या, "एखादा काका घालता येतो का ते."

त्या आत शिरल्या तेव्हा पहिल्या रांगेतली आठही माणसं हातात कप धरून अवघडून बसली होती. त्यांनी कप सांभाळत गुडघे वर घेतले. कर्नलने आधी बायकोकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. हात रिकामे होते. त्याचा चेहरा पांढरा पडला. तिचाही पडला असावा, कारण ग्रंथपाल एकदा याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघत रडायचं विसरली.

वहिनी खुर्चीपाशी गेल्या, पण बसल्या नाहीत. तो टेबलाच्या पलीकडे, त्या अलीकडे, मध्ये सोनेरी फिल्टर. पुढचं वाक्य कुणाचं, ते दोघांनाही माहीत नव्हतं. मग दोघंही एकदमच बोलायला लागली.