आइस्क्रीमच्या डब्यातला चीक

कर्स्टीने स्तनावर अंगठा आणि तर्जनी आधी मागे दाबली, मग हलकेच पुढे आणली. पिवळा, दाट थेंब चमच्यात पडला. दुसरा थेंब यायला वेळ लागला. समोरच्या खिडकीतून कुरणावरचं दव गोठलेलं दिसत होतं आणि ती चमच्याकडे न बघता तिकडेच बघत होती.

चमचाभर म्हणावा इतकाही ऐवज नव्हता. तिने तो सुई नसलेल्या बारक्या सिरिंजमध्ये ओढून घेतला, टोपण लावलं, तारखेची पट्टी चिकटवली. फ्रीजरमध्ये गोठवलेल्या वाटाण्यांच्या मागे होकीपोकी आइस्क्रीमचा रिकामा डबा होता, त्यात ती आडवी ठेवली. आतापर्यंत अर्धा डबा भरला होता. भांडी घासावीत, कपडे वाळत घालावेत, तसंच हे एक काम.

काम सुइणीने, पानियाने, लावून दिलं होतं. कर्स्टीला गरोदरपणात साखर वाढली होती. अशा आईचं मूल जन्मलं की त्याची साखर एकदम खाली येऊ शकते, आणि तेव्हा आईचा आधीच काढून ठेवलेला चीक हाताशी असला तर उत्तम, असं तिने समजावून सांगितलं होतं.

"बाळ कसंय आपलं?" पोट चाचपता चाचपता पानियाने विचारलं होतं.

"पोट बरंय," कर्स्टी म्हणाली.

"मी बाळाचं विचारतेय."

"पोट हलतंय. बरंय."

पानियाने मग जास्त ताणलं नाही. शहाणी बाई. या नऊ महिन्यांत कर्स्टीच्या तोंडून तो एक शब्द कुणी ऐकला नव्हता. पाळणा माळ्यावर होता तो माळ्यावरच होता.

नवऱ्याने, हेमिशने, आपल्या परीने हसवून बघितलं. गाईंच्या चिकाचा दाटपणा तपासायची काचेची नळी गोठ्यातून धुऊन पुसून आणली आणि म्हणाला, "एक थेंब दे की. बघू दे आमच्या घरच्या मालाचा दर्जा."

तिने दिला. त्याने नळी डोळ्याला लावली, उजेडाकडे धरली आणि शीळ घातली.

"बाप रे! आमच्या साडेतीनशे गाईंनी लाजेनं खाली माना घालाव्यात!"

हसायला हवं होतं हे तिला कळलं. तिने चमचा धुतला.

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्टही असाच होता, इकडच्या हिवाळ्यातला, गाई व्यायच्या ऐन हंगामातला. कर्स्टीची मुलगी, आयला, पूर्ण दिवसांची झाली होती, केस काळेभोर, आणि रडली नव्हती. तिला पुरून आल्यावर सासू, नोलीन, अंगणात उभ्या उभ्या गमबूट चढवू लागली. "गाई थांबत नाहीत," एवढंच म्हणाली आणि वासरांच्या गोठ्याकडे गेली. तिसऱ्या दिवशी कर्स्टीला पान्हा फुटला. मूल गेल्याची वार्ता शरीराला कुणी कळवतच नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती न्हाणीघरात दार लावून, नळ मोठा सोडून उभी राहायची आणि दूध पाण्याबरोबर जाऊ द्यायची. नोलीन त्या दिवसांत घरात रांधायची, धुवायची आणि एक अक्षर बोलायची नाही. दगडाला पाझर फुटेल, पण या बाईला नाही, हे कर्स्टीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं. तेव्हापासून दोघींमध्ये हवा-पाण्यापलीकडे बोलणं नव्हतं.

आता डबा अर्धा भरला त्याच आठवड्यात साखर ऐकेना म्हणून पानियाने कर्स्टीला शहरातल्या दवाखान्यात एका रात्रीसाठी ठेवलं. त्याच रात्री हिमवर्षाव झाला. मताउरा नदीच्या दोन्ही काठांवर विजेच्या तारा तुटल्या, रस्ते बंद झाले आणि एका रात्रीच्या दोन झाल्या. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली, आता वाट बघायची नाही, सोमवारी कळा सुरू करायच्या. कर्स्टीने मान डोलावली. सोमवार तर सोमवार.

रस्ता मोकळा झाल्यावर हेमिश घ्यायला आला. घरी वीज नुकतीच आली होती. स्वयंपाकघरात फ्रीजरचं दार सताड उघडं, आत टॉवेल पसरलेला. आणि भांड्यांच्या जाळीवर, स्वच्छ धुऊन, पालथा घातलेला होकीपोकीचा डबा.

ती डब्याकडे बघत राहिली. "यातलं कुठंय?"

हेमिश बुटांकडे बघू लागला. "घरात वीज नव्हती. जनरेटर एकच, तो धारांच्या यंत्राला. सगळंच वितळलं. मी दोन्ही दिवस बाहेरच होतो... तू आईला विचार."

वासरांच्या गोठ्यात पेंढा ताजा होता. नोलीन बाटल्यांची बुचं धुत होती. तिच्या राज्यात एक नियम होता आणि तो प्रत्येक नव्या गड्याला पहिल्या दिवशी ऐकावा लागे: वितळलेला चीक पुन्हा गोठवायचा नाही आणि टाकायचाही नाही, वासराच्या पोटात घालायचा.

कर्स्टीला तो नियम आठवला, तेव्हा ती दारातच होती.

"माझं कुठंय, नोलीन?"

नोलीनने हनुवटीनेच कोपरा दाखवला. तांबड्या दिव्याखाली, हेमिशचा जुना स्वेटर घातलेलं एक वितीएवढं वासरू. "जुळ्यातलं धाकटं. चोखत नव्हतं. आशा सोडलेली."

"तुम्ही वासराला पाजलंत?"

"बाटलीत घातलं. सुइणीला विचारून घेतलं मी. म्हणाली, वितळलं तर एका दिवसात वापरा, नाहीतर टाका. तू पलीकडे अडकलेली."

"मग टाकायचं होतं!"

गोठ्यातली वासरं दचकून भिंतीला गेली. एवढा मोठा आवाज आपला आहे हे कर्स्टीला पटेना. सोमवार चार दिवसांवर आला होता आणि डबा रिकामा होता. तिला संताप आला होता, खराखुरा, आणि त्याच्या मागे भीती होती, ती तर त्याहून मोठी.

नोलीनने हात झग्याला पुसले, मग उगाच पुन्हा पुसले.

"टाकायलाच निघाले होते. मोरीपाशी गेले. नळसुद्धा सोडला." तिने एक बूच पुन्हा हातात घेतलं. "मागच्या वेळी तू नळ सोडून उभी राहायचीस ना, तेव्हा मी दाराबाहेर असायचे. टॉवेल घेऊन. रोज. दार वाजवायचा धीर झाला नाही. मला काय बोलावं ते सुचतच नाही गं, माझ्या तोंडातून गाईच निघतात. पण पुन्हा मोरीत जाऊ द्यायचं नव्हतं मला. चुकलं असेल."

कर्स्टी पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली. धाकटं वासरू लटपटत आलं, तिचा अंगठा तोंडात धरून चोखू लागलं. जीभ खरखरीत आणि गरम होती. मग भूक न भागल्यामुळे त्याने हंबरडा फोडला आणि कर्स्टीच्या सदऱ्यावर दोन ओले डाग उमटले.

दोघींनीही ते बघितले.

"चोखतंय की," कर्स्टी नाक पुसत म्हणाली.

"कालपासून. हावरट झालंय."

"घरी चला. हात कोपरापर्यंत धुवा. चमचा उकळा."

स्वयंपाकघरात नोलीनने चमचा धरला. तिची बोटं जाडजूड, भेगाळलेली, पण हजार वासरांना नळीने पाजलेली. एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. कर्स्टी या वेळी खिडकीबाहेर बघत नव्हती. पोटात एक लाथ बसली, तिने तिथे हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. सिरिंज पाऊणही भरली नाही. नोलीनने टोपण लावलं, डबा कोरडा केला आणि फ्रीजरकडे वळली.

"नोलीन."

"हं?"

"हे वासराला द्यायचं नाही. हे माझ्या बाळाचं आहे."

नोलीन पाठमोरीच उभी राहिली. वाटाण्यांमागे डबा ठेवायला तिला बराच वेळ लागला. मग तिने दार लावलं, ढकलून बघितलं, पुन्हा एकदा ढकलून बघितलं.

"वीज गेली तर जनरेटर इकडे आणीन," ती म्हणाली. "गाई थांबतील."