मिस कोल्बींना लागलेला ठसका

क्वीनी चेऊलकरच्या तोंडात टाचण्या असल्या तरच ती गप्प बसायची. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या एका लहानशा थिएटरात ती नटनट्यांचे कपडे शिवायची, इस्त्री करायची, प्रयोगाआधी त्यांना चढवून द्यायची. नवरा हायम स्टीलच्या कारखान्यात. दोघं मूळची रेवदंड्याकडची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. बर्फ फावड्याने उपसायला ती कधीच शिकली होती, पण मनातली क्वीनी अजून रेवदंड्याच्या परसातच उभी होती. त्याला ती तरी काय करणार?

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्या थिएटरात मिस आर्डिस कोल्बी आल्या. अमेरिकेच्या, टोलिडो गावच्या एका न्हाव्याची मुलगी. विशीत न्यूयॉर्कची रंगभूमी गाजवली, मग हॉलिवूडने उचललं. आधी नायिका, मग नायकाची बहीण, मग नायकाची आई. बाईचं वय मोजायची ही त्या मेल्यांची रीत! सिनेमे आटले तशा बाई नाटकाकडे परतल्या, आणि बॉस्टनला भर प्रयोगात, भाषणाच्या मधोमध, शब्द गेले ते गेलेच. सेटवरच्या दारातून बाई बाहेर पडल्या त्या थेट रस्त्यावर. पेपरवाल्यांनी काय कमी सालटी काढली असतील? त्यानंतर आठ-नऊ वर्षं त्यांना कुणी दारात उभं केलं नाही. इथल्या डायरेक्टरने धाडस केलं. आता पुन्हा अडखळल्या तर कायमच्या घरी बसणार, हे बाईंना ठाऊक होतं आणि क्वीनीलाही.

नाटकात त्या म्हाताऱ्या शाळामास्तरीण होत्या. दुसऱ्या अंकाच्या शेवटी खिडकीपाशी उभं राहून एक लांबलचक भाषण. तालमीत ते कसं झकास व्हायचं! मग एक दिवस पेपरातली एक बाई फोटो काढायला आली आणि म्हणाली, "अगं बाई, या वयात एक सुरकुती नाही!" झालं. त्या संध्याकाळपासून भाषण अडायला लागलं. नेमकं खिडकीपाशी घोडं पेंड खायचं.

"नजर लागलीय त्यांना," क्वीनीने जेवताना हायमला सांगितलं.

"क्वीनी, ती गोरी माणसं आहेत. नसती उठाठेव करशील आणि नोकरी घालवून बसशील."

"गोऱ्यांना नजर लागत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? गोऱ्यालाच आधी लागते!"

हायम माशाचे काटे काढायला लागला. या बाईपुढे बोलून उपयोग नाही, हे तो लग्नानंतर महिन्याभरातच शिकला होता.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी क्वीनी मेकअपच्या खोलीत शिरली, आणि दारातच थबकली. मिस कोल्बी मास्तरणीच्या वेषात तयार बसल्या होत्या, पण वरून जाडजूड कोट, पायात बर्फाचे बूट, मांडीवर पर्स.

"साडेसातला बफेलोची बस आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मला नाही जमणार, क्वीनी. माझ्यावर काहीतरी बसलंय. बॉस्टनपासून बसलंय. कुणाला सांगू नकोस."

पडदा आठला उघडायचा होता. दुसरी नटी तयार नव्हती. क्वीनीला रडूच यायला लागलं, पण ती म्हणाली, "जायचं तर जा, पण झालर उसवलीय. तेवढा टाका घालू द्या. आणि बोलू नका हं, सुई टोचेल."

झालर कुठची उसवायला! क्वीनीच्या मुठीत घरून आणलेलं मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या होत्या. शिवायचं सोंग करत ती बाईंभोवती फिरली, मूठ डोक्यापासून पायापर्यंत ओवाळली, मनातल्या मनात म्हणाली, आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, त्या फोटोवालीची, सगळ्यांची नजर जळून जाऊ दे. मग मूठ मिटून निघाली. मिरच्या आगीत पडेपर्यंत बोलायचं नसतं. वाटेत स्टेज मॅनेजर रॉबने विचारलं, "मिस कोल्बी ठीक आहेत ना?" क्वीनीने नुसतं बघितलं. त्या बघण्याने बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बेसमेंटमध्ये कापड रंगवायची विजेची शेगडी होती. क्वीनीने तव्यावर मूठ सोडली. आणि तिथेच तिचं चुकलं. रेवदंड्याला नजर जाळतात ती परसात, उघड्यावर. इथे हिवाळ्यामुळे खिडक्या बंद, आणि बेसमेंटची हवा पंखा थेट वरच्या खोल्यांत फेकत होता.

आधी क्वीनी खोकली. मग वर कुणीतरी खोकलं, मग दोघं, मग अख्खं थिएटर! रॉब आग विझवायचं नळकांडं घेऊन जिना उतरला, डोळ्यांतून धारा. त्याच्यामागून मिस कोल्बी, कोट, बूट, गालांवर काजळाचे ओघळ.

"काय जाळलंस तू?" रॉब ओरडला.

नोकरी गेली, हायम जन्मभर बोलून दाखवणार! पण थाप सुचेना, म्हणून क्वीनीने खरं ते सगळं सांगून टाकलं. नजर काय, मिरच्या कशाला, सगळं.

मिस कोल्बी खोकत खोकत पायरीवर टेकल्या. "मग? गेली का ती?"

क्वीनी तव्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अहो, नजर असली ना, तर मिरच्या कितीही जाळा, ठसका लागत नाही. वाससुद्धा येत नाही. आणि इथे तर..."

"इथे तर पुढच्या चौकापर्यंत लोक खोकत असतील," रॉब म्हणाला.

"म्हणजे काहीच नव्हतं, मिस कोल्बी. तुमच्यावर काही बसलेलं नाही. काही म्हणजे काही नाही!"

बाई हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता रडल्या, आणि उठून कोट काढून त्यांनी क्वीनीच्या हातात दिला.

"चल, माझे डोळे नीट कर. उशीर होतोय."

दुसऱ्या अंकात, खिडकीपाशी, बाई थांबल्या. थांबल्याच. विंगेत क्वीनीचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात बाईंना एक ठसका लागला, मिरच्यांचा, अगदी खराखुरा, आणि त्याच्या पाठोपाठ वाक्य आलं. मग दुसरं आलं, मग सगळं भाषण. लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. क्वीनीचा जीव भांड्यात पडला. रॉबने तिला मिठीच मारली, वर दम दिला की यापुढे जे जाळायचं ते बाहेर.

दुसऱ्या संध्याकाळी मिस कोल्बी आपणहून खुर्चीत ताठ बसल्या. "काढ."

क्वीनीने ओवाळलं आणि मागच्या अंगणात, बर्फात, पत्र्याच्या डब्यात कागद पेटवून मूठ सोडली. दार उघडं ठेवून बाई शाल लपेटून उभ्या होत्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. क्वीनीने वाकून वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही म्हणजे काही नाही. कालच्या त्या टाळ्या, ते टक लावून बघणारे लोक तिला आठवले. आज नजर खरंच लागली होती.

"क्वीनी?" दारातून आवाज आला. त्यात कालचीच भीती होती. "काय झालं?"

क्वीनीने भिंतीकडे तोंड केलं आणि छातीवर हात ठेवून खोकली. खोटं खोटं, मोठ्यांदा, डोळ्यांत खरं पाणी येईपर्यंत खोकत राहिली.

मिस कोल्बी हसत हसत आत गेल्या. त्या प्रयोगात खिडकीपाशी त्यांचा एकही शब्द अडला नाही.