गोड हाताचं तीर्थ

कुंडलिका नदीच्या काठी चिंचेखाली श्रावणापासून माणसांची रीघ लागली होती. मस्तगडाच्या बाया, नव्या जालन्यातल्या अडतीवरचे मुनीम, अंबडकडून गाड्या जुंपून आलेली खेड्यातली मंडळी, सगळे आपापला तांब्या धरून उभे असायचे. ओट्यावर बसलेले अमृतबुवा तांब्यात बोटं बुडवायचे, डोळे मिटायचे, आणि आडाचं पाणी साखरेसारखं गोड व्हायचं.

"माझं यात काई न्हाई," बुवा म्हणायचे. "जग कडू झालं म्हणून वरच्यानं मला धाडलं. पोटदुखी असो, ताप असो, कोर्टाची तारीख असो, एकच घोट. पण ज्याच्या मनात किंतु, त्याच्या जिभेला नुसतं पाणीच लागंल."

त्यामुळे नुसतं पाणी लागलेला माणूस त्या काठावर सापडत नसे.

"आमच्या मालकांच्या जिभेवर बोट फिरवा म्हणावं बुवांना," आमची शेजारीण झुंबरबाई रांगेतून म्हणाली. "तिथं गोड आलं तर मी खरं मानीन." बाया पदराआड हसल्या, आणि रांग पुढं सरकली.

मी देवाधर्माची बाई आहे. सोमवार, एकादशी, तुळशीच्या प्रदक्षिणा, कधी चुकवल्या नाहीत. चातुर्मासात एक पदार्थ सोडायची आमच्याकडे रीत. त्या वर्षी मी गोड सोडलं होतं. साखर नाही, गूळ नाही. म्हणून बुवांचं तीर्थ मी तोंडाला लावलं नव्हतं. पण नेम नसता तरी लावलं नसतं. नवस फेडायचा असतो, दुखणं तपासायचं असतं, एवढा फरक मला माझ्या आईनंच शिकवला होता.

माझ्या धाकट्या जावेला, उमाला, तो कोणी शिकवला नव्हता. रझाकारीच्या धामधुमीत तिचा पहिला मुलगा तापानं गेला. डॉक्टर फार उशिरा मिळाला, त्यानं सुई टोचली आणि संध्याकाळपर्यंत मूल गेलं. तापानं नव्हे, सुईनंच गेलं, असं तिच्या मनानं घेतलं. पुढं झालेल्या रजनीला तिनं दवाखान्याची पायरी दाखवली नाही. आता ती सहा वर्षांची होती.

देव्हाऱ्यात तीर्थाची बाटली आली. रजनीचा गुडघा खरचटला, घोटभर तीर्थ. शाळेत जायचं नाही म्हणून पोट दुखलं, घोटभर तीर्थ. घोट घेतला की उमा तिच्या तोंडाकडे बघत विचारायची, "दुखायचं राह्यलं का गं?" रजनी म्हणायची, "राह्यलं." उमाचा चेहरा उजळायचा.

मी एकदा बोलले. "उमा, पोर कुरकुरत असली तर जवळ घे, गोष्ट सांग. पाण्याला औषध कशाला म्हणतेस?"

"अक्का, पोरगी हसती न्हवं? मंग कोणाचं काय जातंय?"

खरंच, तेव्हा कोणाचं काही जात नव्हतं. म्हणून मीही विषय सोडला.

गौरी उठल्या आणि रजनीचं पोट दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. ओकाऱ्या झाल्या, अंग तापलं. उमानं तीर्थ पाजून पाजून बाटली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी पोरीला पाय सरळ करता येईना. मी दवाखान्याचं नाव काढलं तर उमा दाराला पाठ लावून उभी राहिली.

"सुईनं एक नेला माझा. ही नाही द्यायची. बुवांकडे चला."

माझे धाकटे दीर, रजनीचे वडील नरहर, कापसाच्या जिनिंगवर कारकून. शिकलेले, पण त्या एका वाक्यापुढे त्यांचंही काही चालत नसे. त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं आणि आम्ही नदीवर गेलो.

बुवांनी रजनीकडे पाहिलं. क्षणभर त्यांची नजर हलली. पोर साधी आजारी नाही, हे त्यांनाही कळलं असावं. पण भोवती माणसं होती. त्यांनी बोटं बुडवली, तांब्या तिच्या ओठांना लावला.

"राह्यलं का गं?" उमानं विचारलं.

"राह्यलं," रजनी म्हणाली. गर्दीनं जयजयकार केला.

"आता सुईला शिवू देऊ नका," बुवा म्हणाले. "तीर्थावर सुई टोचली की तीर्थ उलटतं." मग माझ्याकडे वळले. "आणि या बाई पीत का न्हाईत?"

"माझं गोड बंद आहे, बुवा. चातुर्मासाचा नेम."

"नेमाच्या बाईला हाताचा प्रसाद." त्यांनी ओल्या हातांनी माझे दोन्ही तळहात दाबून धरले.

घरी येऊन रजनीला अंथरुणावर ठेवलं. तिचं पोट मी हलकेच चाचपलं. पाटीसारखं घट्ट होतं. हात लागताच तिनं ओठ दाताखाली धरले. मला रडू आलं. मी तळहातानं गाल पुसले, आणि ओठांवर आलेलं पाणी गोड लागलं.

आसवं खारट असतात. दोन महिने जिला गोड ठाऊक नव्हतं अशी माझी जीभ, तिला ती गोडी लागलीच. आणि मागून एक कडवट चवही लागली, पितळेचा डाव चाटल्यासारखी. नेम मोडला म्हणून आधी जीव चरकला. मग वाटलं, देवाचा प्रसाद हाताला चिकटून कसा राहील?

मी चुलीतली राख घेतली. उजवा हात खसखसून धुतला, डावा तसाच ठेवला. दोन वाट्यांत पाणी घेतलं. एकीत उजवी बोटं बुडवली, दुसरीत डावी.

"उमा, पी. आधी ही."

"पाणी हाय."

"आता ही."

तिनं घोट घेतला आणि वाटी तोंडापाशीच राहिली. "अक्का, तुमच्या हातालाबी..."

"माझ्या हाताला काही नाही आलं. बुवांच्या हाताला काहीतरी फासलेलं असतं. राखेनं धुतलं की जातं."

उमा खाली बसली. मला वाटलं, झालं. पण ती म्हणाली, "असू द्या फासलेलं. गुण तर येत होता ना? आत्ताबी राह्यलं म्हणली की ती."

याचं उत्तर रजनीपाशी होतं. मी तिच्या उशाशी बसले. "बाळ, मोठ्याईला खरं सांग. पोट दुखायचं राहिलं का?"

तिनं आईकडे बघितलं. मग माझ्या कानाशी पुटपुटली, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "तीर्थ घेतल्यावर राह्यलं म्हणायचं असतं. न्हाई म्हणलं की आई रडती."

उमानं पोरीला उचललं ते थेट उंबऱ्याबाहेर. "टांगा बघा," ती नवऱ्यावर ओरडली. "जल्दी."

नदीपलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर पुष्पाबाईंनी पोटावर हात ठेवला आणि लगेच नर्सला हाक मारली. आतड्याचं टोक सुजून फुटलं होतं. "काल आणली असती तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "आज मी प्रयत्न करते. वचन देत नाही." सुई बाहेर निघाली तेव्हा उमानं भिंतीकडे तोंड केलं, पण अडवलं नाही. ऑपरेशनच्या दाराबाहेर आम्ही तिघं बसलो होतो. मी जप करत होते. नरहर हातात माळ नसताना बोटांची पेरंच मोजत होते. रजनी त्या दिवशी जगली, पण पुढचे कितीतरी दिवस ताप उतरेना.

डॉक्टरीणबाईंना मी गोड हाताची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "सॅकरिन. बाटलीबंद सोड्यात घालतात ते. साखरेच्या शेकडो पट गोड. नखात मावेल एवढ्या भुकटीनं घागर गोड होते, आणि मागून कडवटपणा राहतो."

सोमवारी मी पूजा आटोपून नदीवर गेले. बरोबर राख आणि पाण्याची घागर. बुवांनी बोटं उचलली तशी मी हळूच म्हणाले, "बुवा, देवकार्याला आधी हात धुतात. मी पाणी घालते."

"माझे हात पवित्रच हायेत, बाई."

"मग धुतल्यानं काय बिघडतं? आमच्या घरचा साधा नैवेद्यसुद्धा हात धुतल्याशिवाय दाखवत नाहीत."

नैवेद्याआधी हात धुतात, हे रांगेतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. "धुवा की, बुवा," झुंबरबाई म्हणाली. मागूनही कोणी कोणी म्हणालं. बुवांनी माझ्या मनातल्या किंतूवर बरंच सांगितलं, पण घागर वाकलेलीच राहिली. शेवटी त्यांना राखेनं हात धुवावे लागले. झुंबरबाईनं आपला तांब्या पुढं केला, बोटं बुडली, तिनं घोट घेतला.

"आडाचं पाणी हाय," ती म्हणाली, आणि तांब्या मागच्या बाईकडे दिला. तो रांगभर फिरला. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली ओटा तेवढा उरला होता.

आणि एका सकाळी रजनीचं अंग गार लागलं. उमानं विचारलं, "दुखतंय का गं?" रजनीनं सवयीनं आधी आईचं तोंड न्याहाळलं. उमानं डोळे पुसले आणि चेहरा सरळ ठेवला. मग पोर म्हणाली, "दुखतंय. टाके हायेत तिथं."

"म्हण बाई, दुखतंय म्हण," उमा म्हणाली. "मला ऐकू दे."

माझ्या आयाबायांनो, मूल पडलं की 'मुंगी मेली' म्हणून आपण फुंकर घालतो. ती जरूर घाला. आईची फुंकर खोटी नसते. पण पाण्याला औषध म्हणून मुलाला पाजू नका. मूल त्यानं बरं होत नाही. आपल्याला बरं वाटावं म्हणून 'राह्यलं' म्हणायला तेवढं शिकतं. देवाला हात जोडायचे, तेही जोडा. मात्र मुंगी मेली म्हणता म्हणता, परकर वर करून गुडघा बघा.