दोन्हीकडे राजाचंच नाव

अँब्रोज वॅडलोने भाल्याचं पातं तेलाच्या फडक्याने पुसून भिंतीशी टेकवलं, तेवढ्यात मनोऱ्याच्या जिन्यावर बुटांचा आवाज आला. वर येणारा माणूस मध्येच दम खायला थांबला. त्या थांबण्यावरूनच अँब्रोजने ओळखलं, की सर पेरेग्रिन आले. गावचे धनी. लंडनच्या तुरुंगातल्या ओलीने पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा डावा गुडघा धरला होता, तो सुटलाच नव्हता.

अँब्रोज चाकं बनवणारा सुतार. यंदा त्याची पाळी म्हणून गावाने त्याला कोतवाल केलं होतं. एरवी कोतवालकी म्हणजे मोकाट डुकरं कोंडायची आणि दारू चढलेल्यांना घरी पोचवायचं. पण गावाची हत्यारंही कोतवालाच्याच ताब्यात असत, चर्चच्या या मनोऱ्यात. आणि सोळाशे बेचाळीसच्या त्या ऑगस्टात साऱ्या इंग्लंडचं लक्ष असल्या मनोऱ्यांकडे लागलं होतं. राजाचं आणि पार्लमेंटचं फाटलं होतं. राजा लंडन सोडून उत्तरेत फौज उभी करत होता.

"तेल बरं लावलंयस," सर पेरेग्रिन बंदुकांवरून नजर फिरवत म्हणाले. "खाली माझी गाडी उभी आहे. चौघं माणसं आणलीयत. उतरवून घेतो."

"कुणाच्या हुकुमाने, धनी?"

त्यांनी छातीशी ठेवलेला कागद काढला. खाली राजाची मोहर होती, मोठी, लाल.

अँब्रोजने हात पुसले आणि कोनाड्यातून दुसरा कागद घेतला. "हा सोमवारी आला. पार्लमेंटचा. आमच्या परवानगीशिवाय हत्यारं कुणालाही द्यायची नाहीत, म्हणतात."

"आणि कुणाच्या नावाने म्हणतात?"

"राजाच्या."

सर पेरेग्रिन हसले, पण हसू ओठांवर टिकलं नाही. "राजाच्याच नावाने राजाला नकार. झकास."

"तुम्हीच शिकवलंत, धनी." अँब्रोज खाली बघत म्हणाला. "पार्लमेंटला न विचारता राजाने पैसा मागितला, तुम्ही दिला नाहीत. आत गेलात. सुटून आलात तेव्हा याच चर्चच्या पायरीवर उभे राहून म्हणालात, राजा आपला बाप खरा, पण कायदा बापालाही लागू. मी पुढेच उभा होतो. जाइल्स माझ्या खांद्यावर होता."

जाइल्स सर पेरेग्रिनचा एकुलता एक मुलगा. त्याच्या जन्माच्या वेळीच आई गेली. त्याच आठवड्यात अँब्रोजच्या बायकोचं, थॉमसिनचं, तान्हं गेलं होतं. तिने आपलं दूध या पोराला पाजलं. वडील तुरुंगात होते तेवढे महिने तो अँब्रोजच्याच घरात वाढला.

"तो गेलाय राजाकडे," सर पेरेग्रिन म्हणाले. "मला न विचारता गेला. एकोणीस वर्षांचा आहे, त्याला राजा म्हणजे घोड्यावरचा देव वाटतो. त्याच्या तुकडीत निम्म्या पोरांच्या हातात काठ्या आहेत, अँब्रोज. काठ्या. मी काय करू? घरी बसून कायदा वाचू?"

अँब्रोज दारात जाऊन उभा राहिला. थोराड माणूस, दार भरून गेलं. खालून एकाने हाक मारली, "धनी, येऊ का वर?"

सर पेरेग्रिननी कागदाची घडी घालून तो परत छातीशी ठेवला.

"नको," ते खाली ओरडून म्हणाले. "घोडे वळवा."

अँब्रोज बाजूला झाला. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ते उतरून गेले. दोन दिवसांनी पार्लमेंटची माणसं आली आणि सगळी हत्यारं घेऊन गेली. त्यांनी पोचपावती दिली, कोतवालाची पाठ थोपटली. सर पेरेग्रिन तोवर मुलामागे राजाच्या फौजेत गेले होते.

ऑक्टोबरच्या शेवटी लढाई झाली. दोन्हीकडचे म्हणाले, आम्ही जिंकलो.

नोव्हेंबरात एका दुपारी सर पेरेग्रिन अँब्रोजच्या दारात उभे राहिले. पायी आले होते, कमरेला तलवार नव्हती. त्यांना धरून न्यायचा पार्लमेंटचा हुकूम अजून गावात पोचला नव्हता. थॉमसिन पीठ मळत होती. त्यांचा चेहरा बघितला आणि तिचे हात पिठातच थांबले.

"मी होतो जवळ," ते म्हणाले. "भाला लागला. कुशीत, इथे. अंगावर चिलखत नाही, हातात काही नाही. सकाळपर्यंत होता."

"थंडी होती?" थॉमसिनने विचारलं.

"कडाक्याची."

"अंगावर काही घातलंत?"

"माझा झगा."

तिने मान हलवली. अँब्रोजने स्टूल पुढे सरकवलं, पण ते बसले नाहीत. अँब्रोजच्या जिभेवर एक प्रश्न होता, तो त्याने विचारला नाही. मनोऱ्यातले काय, दुसरे काय, भाले सगळीकडे सारखेच असतात.

"धनी, त्या दिवशी मी..."

"तू बरोबर होतास." सर पेरेग्रिनचा आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "येताना सगळी वाट तुझी चूक शोधत आलो. सापडली असती तर बरं झालं असतं रे. तुला शिव्या तरी घालता आल्या असत्या."

ते वळले. थॉमसिनने हात धुतले, एकेक बोट नीट धुतलं, आणि खुंटीवरची शाल घेतली.

"तिकडे घरात कोण आहे?" तिने त्यांना विचारलं.

"कुणी नाही."

"जाइल्सचे कपडे काढून ठेवायला हवेत. कसर लागते."

अँब्रोज म्हणाला, "मीही येतो."

ती उंबऱ्यावर थांबली. रागावलेली नव्हती. तिने त्याच्या छातीवर हलकेच हात ठेवला, माणसाला जागच्या जागी थांबवताना ठेवतात तसा, आणि मग सर पेरेग्रिनना कोपराशी धरून, त्यांच्या दुखऱ्या पायाच्या चालीने, रस्त्याला लागली.

अँब्रोज आत येऊन बसला. परातीतल्या पिठावर तिच्या बोटांच्या खुणा तशाच होत्या. तो ते मळायला लागला. त्याला येत नव्हतं, तरी मळत राहिला.