रिकाम्या खुंट्या

माझे बटाटेवडे उरत नाहीत. ही फुशारकी नाही, वीस वर्षांचा अनुभव आहे. त्यामुळे या नोव्हेंबरात शनिवारी डबा अर्धा भरलेला परत आला, तेव्हा मी आधी वड्यांवरच संशय घेतला. मीठ कमी पडलं का? मिरची जास्त झाली का? एक खाऊन पाहिला. फक्कड होता.

“काय हो, कुणी खाल्ले नाहीत?”

“खायला माणसं नकोत का?” हे दारात बसून चिखलाचे बूट काढत म्हणाले. “चारच बंदुका होत्या आज.”

इथे शिकारीला आलेल्या माणसालाच बंदूक म्हणतात. पहिल्या वर्षी ह्यूचा फोन आला होता, “एक बंदूक कमी पडते आहे.” मी त्याला म्हटलं, “मग दुकानातून आणा की! आमच्या डॉक्टरांना कशाला सांगता?” तो किस्सा अजून गावात सांगतात.

हे म्हणजे माझे यजमान, शशिधर. हाडांचे सर्जन, आता रिटायर. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स शहराचा शेवटचा राउंडअबाउट संपला की गहू, मेंढ्या आणि चिखल सुरू होतो. त्या चिखलात आमचं गाव आहे. ह्यू इथला शेतकरी. त्याच्या रानात गावातली नऊ माणसं मिळून ऑक्टोबर ते जानेवारी एक शनिवार सोडून एक शनिवार फेझंट मारतात. फेझंट म्हणजे रानकोंबडाच, फक्त नट्टापट्टा केलेला. जमिनीत नंबर घातलेल्या खुंट्या ठोकलेल्या असतात, एकेका खुंटीपाशी एकेक बंदूक उभी राहते. झाडीच्या पलीकडून हाकारे काठ्या आपटत येतात, पाखरं उडतात आणि धडाधड बार होतात.

मी जन्माची शाकाहारी. मेलेला पक्षी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्या वाट्याची पाखरं ह्यूच्या घरी जातात. पण थंडीत माणसं उभी आहेत म्हटल्यावर मला काही राहवेना, म्हणून वडे सुरू झाले. अकराच्या सुट्टीत ती सगळी आडदांड माणसं माझ्या डब्याभोवती जमतात आणि ह्यू तोंड भरून ओरडतो, “थँक यू, सूप!” सुप्रभा म्हणता येत नाही त्याला. मी किती वेळा शिकवलं, पण गडी ‘सूप’च्या पुढे सरकत नाही.

तर त्या चाराच्या पुढच्या खेपेला तीन झाले. त्यानंतरही हे आणि ह्यू धरून तीनच. दर वेळी कुणाला तरी सर्दी, कुणाचा जावई आलेला, कुणाची गाडी बिघडलेली.

“हौसच राहिली नाही लोकांना,” हे रात्री जेवताना म्हणाले. “पोरं व्हीगन झाली, काडतुसं महागली. यंदा आपल्या शिकारीचं सूप लवकरच वाजणार बघ.”

खरं सांगते, माझ्या मनात आलं, वाजू दे एकदाचं. तेवढीच पाखरं वाचतील. पण ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. हा माणूस शुक्रवारी संध्याकाळीच लोकरीचे मोजे खुर्चीवर काढून ठेवतो. रिटायर झाल्यावर हॉस्पिटलचे मित्र पांगले, लेक वरदा लंडनच्या स्टॅनमोरला तिच्या संसारात. ह्यांना गावात जी काही माणसं होती, ती त्या खुंट्यांपाशी होती. त्या खुंट्या एकेक करून रिकाम्या होत होत्या आणि हे दिवसेंदिवस गप्प होत होते.

वरदाचं फोनवर वेगळंच. “आई, बाबाचा बंदूक आता पुरे कर ना. मागच्या टाइमला गाडी पण कसा चालवला त्याने, गॅरेजची खांबाला लावलं. मला नाही राइट वाटत.”

“आधी बंदूक तो की ती, ते ठरव,” मी म्हटलं आणि विषय बंद केला. खांबाला गाडी कुणाची घासत नाही?

मग तो बुधवार आला. मी बटाटे आणायला फार्म शॉपमध्ये गेले होते. मोठ्या रस्त्यावर काम चाललेलं, म्हणून येताना ह्यूच्या रानामागच्या गल्लीतून गाडी घातली. पाहते तर झाडीच्या कडेला ओळीनं लँडरोव्हर उभ्या. सगळ्या ओळखीच्या. सर्दीवाला होता, जावईवाला होता, बिघडलेली गाडी तर सगळ्यांत पुढे चकचकीत उभी. पलीकडच्या उतारावर आठजण आपापल्या खुंटीपाशी, आणि बार धडाधड चाललेले. नववी खुंटी तेवढी रिकामी. आमची.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वीस वर्षं वडे गिळले मेल्यांनी! आणि आता आमच्यापासून लपवून बुधवारी शिकार? मनात पहिला विचार आला तो इथे येणाऱ्या आपल्या प्रत्येकाच्या मनात येतोच. शेवटी आपण काळेच. गोड बोलतील, घरी बोलावतील, पण वेळ आली की कसं अलगद बाजूला काढतील ते कळणारसुद्धा नाही.

गाडी तशीच कुंपणाला लावली, फाटक उघडलं आणि तिथूनच आवाज टाकला, “ह्यू!”

माझा आवाज मुळातच दणदणीत. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये होतो तेव्हा शेजारीण भिंतीवर टकटक करायची. त्या दिवशी माझ्या हाकेनं झाडीतली दोन फेझंट वेळेआधीच उडाली, असं मला नंतर सांगण्यात आलं. शिट्टी वाजली, बार थांबले. ह्यू टोपी काढून माझ्याकडे चालत आला. त्याचं तोंड असं पडलं होतं की माझं इंग्रजी क्षणभर अडखळलं.

“आमचं काय चुकलं ते तोंडावर सांग,” मी म्हटलं. “आम्ही नको असू तर तसं सांग. चोरून कशाला?”

“नको?” तो म्हणाला. “सूप, असं कसं म्हणतेस?” मग त्यानं टोपी दोन्ही हातांत चुरगळली. “डॉकनं रांगेवरून नळी फिरवली.”

डॉक म्हणजे हे. पण नळी फिरवली म्हणजे काय, ते मला कळलं नाही. त्यानं एक काठी उचलून खांद्याला लावून दाखवलं. पाखरू डोक्यावरून मागे गेलं तर नळी आधी आभाळाकडे करायची, मग वळायचं. सरळ फिरवली तर ती शेजाऱ्यांच्या छातीवरून जाते. शाळकरी पोरालाही पहिल्या दिवशी हे शिकवतात.

“पहिल्यांदा वाटलं, एखादे वेळी होतं. दुसऱ्यांदा बार उडाला. छर्रे कॉलिनच्या शेजारच्या झुडपात गेले. डॉकला पत्ताच नव्हता. त्यानं आम्हाला हसून हात केला.”

गॅरेजचा खांब आठवला. ह्यांनी आमटीत दोनदा घातलेलं मीठ आठवलं. मी सगळ्याला ‘वय झालं’ म्हणून मोकळी होत होते.

“मग बोलायचं होतंत ना त्यांच्याशी!”

“कोण बोलणार?” ह्यूचे डोळे भरले होते. “माझा खुबा त्यानं बसवला. कॉलिनचे दोन्ही गुडघे त्याचे. पीटरचा मुलगा मोटरसायकलवरून पडला, तेव्हा त्याचा पाय त्यानं वाचवला. सूप, ही अर्धी रांग त्याच्या जिवावर उभी आहे. त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं की तू घरी बस?”

म्हणून या लोकांनी आपली शिकार बुधवारी नेली होती. आणि शनिवारी हाकाऱ्यांना सुट्टी देऊन, पाळीपाळीनं, दोघंतिघं जण ह्यांच्या मागे उभे राहायला येत होते. पुढे कुणी नाही, बाजूला कुणी नाही. डॉक एकटा पडू नये म्हणून. ह्यांच्या जागी दुसरा माणूस घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

राग कुठल्या कुठे गेला आणि मला तिथेच रडू फुटलं. पण डोळे पुसता पुसता पुन्हा चढलाच. “काय माणसं आहात तुम्ही! धक्का लागला नाही तरी सॉरी म्हणता, आणि जिथे बोलायला हवं तिथे दातखीळ बसते? एखाद्याचा जीव गेला असता म्हणजे मग बोलला असतात का? राहू द्या. मी सांगते त्यांना.”

म्हणायला सोपं होतं ते.

घरी आले तर हे किचनच्या टेबलावर पेपर पसरून बंदुकीला तेल लावत बसलेले. शनिवारची तयारी. शीळ घालत होते. मी बटाटे धुतले, चहा टाकला, ओटा दोनदा पुसला. शेवटी समोर बसले.

“अहो, ही बंदूक तुम्हाला कुणी दिली?”

“आता हे काय नवीन? ऑल्ड्रिज सरांनी.”

ऑल्ड्रिज म्हणजे ह्यांचे साहेब, आम्ही नवीन आलो तेव्हाचे. फार मोठा सर्जन, पण म्हातारपणी हात थरथरायला लागला होता. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे बघायचे आणि नजर खाली घालायचे. ह्यांनी, सगळ्यांत नवख्या माणसानं, एक दिवस कॉरिडॉरमध्ये गाठून सांगितलं, सर, तुमचा हात थरथरतो, आता थांबायला हवं. घरी येऊन मला म्हणाले, बांध सामान, नोकरी गेली. साहेब कित्येक महिने बोलले नाहीत. मग एका रविवारी बंदूक घेऊन आमच्या दारात उभे. म्हणाले, इतक्या माणसांत एकट्या तुला माझी काळजी होती. ह्यांना शिकार त्यांनीच शिकवली.

“सांगायला तुम्हाला कसं जमलं हो?” मी विचारलं.

“जमलं कुठे? पाय लटपटत होते.” हे हसले. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं. “काय झालंय?”

मी सांगितलं. नळी, झुडूप, बुधवार, पाळ्या, सगळं. काही राखून ठेवलं नाही. बोलताना माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, इतका बारीक झाला होता.

ह्यांनी बंदूक बाजूला सरकवली. मग म्हणाले, “कुणाला लागलं?”

“नाही.”

“नक्की? एखादा छर्रा, हाताला, पायाला? ही माणसं लपवतात.”

“नाही हो. कुणालाच नाही.”

तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला. “वाजलं सूप,” म्हणाले. आणि मग माझ्याकडे बघून एकदम हसायलाच लागले. “ह्यू तुला उगाच नाही त्या नावानं हाक मारत.”

मी हसले आणि रडलेही. काय करणार!

“बंदूक सांगणाऱ्याला द्यायची असते,” हे म्हणाले. “पण तुला लायसन नाही. आणि तुझा राग बघता कुणी देणारही नाही. ह्यूला देऊन टाकू.”

“त्यानं कुठे सांगितलं?”

“म्हणूनच. पुढच्या वेळी तरी सांगेल.”

हसले खरे, पण पुढचे दोन दिवस वाईट गेले. घास फिरवत बसायचे. शुक्रवारी खुर्चीवर मोजे आले नाहीत. मी वेडी, त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून न्हाणीघरात जाऊन रडले. वरदाला फोन केला आणि म्हटलं, “तुझं बरोबर होतं गं बाई.” तिनं ‘आय नो’ म्हटलं नाही, गुणाची पोर. आता ह्यांना डॉक्टरकडे न्यायचं तिनं आणि मी ठरवलं.

शनिवारी सकाळी ह्यू दारात. टोपी एका हातात, दुसऱ्या हातात काठीला बांधलेली खताची प्लॅस्टिकची पिशवी. हाकाऱ्यांचं निशाण असतं ते.

“डॉक,” तो म्हणाला, आणि या वेळी त्यानं नजर चुकवली नाही. “रांगेत बंदूक म्हणून मी तुला आता उभं करू शकत नाही. मी स्वतः येऊन सांगायला हवं होतं. पण हाकाऱ्यांत माणूस कमी पडतो आहे.”

ह्यांनी त्या पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, दार लावून घेतात की काय. पण हे आत वळून म्हणाले, “सुप्रभा, माझे मोजे कुठे आहेत? आणि तूही चल. आवाज तर तुझाच आहे.”

मी पाखरं मारायला नाही, पाखरांना वेळेवर उठवायला जाते आहे, अशी मनाची समजूत घातली. सवयीनं तळलेल्या वड्यांचा डबा ह्यूच्या गाडीत ठेवला आणि निघाले. काटेरी झुडपांनी माझ्या चांगल्या पँटची वाट लावली. हे मात्र काठी आपटत, पिशवी फडफडवत, “हुर्र, हुर्र” करत चालले होते; लहानपणी सांगलीला मामाच्या शाळवातली पाखरं उडवताना असेच दिसत असतील. मीही गळा मोकळा केला. तीस वर्षांत या देशात पहिल्यांदाच मला कुणी हळू बोल म्हटलं नाही.

झाडी संपली, आम्ही उतारावर बाहेर आलो. शिट्टी वाजली. समोर रांग उभी होती, बंदुका मधून उघडून हातावर घेतलेली. सर्दीवाला, जावईवाला, कॉलिन, पीटर, सगळे.

ह्यांनी एका टोकापासून बोट फिरवत मोजलं. ही त्यांची जुनी सवय. शेवटच्या खुंटीपाशी बोट थांबलं.

“आठच आहेत,” हे कपाळाला आठी घालून म्हणाले. “एक कमी आहे. आज कोण आलं नाही गं?”

ह्यांनी त्या रिकाम्या खुंटीकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या पिशवीकडे.

“अरे हो,” म्हणाले. “मीच की.”

पलीकडून ह्यूनं हात वर केला. ह्यांनी खताची पिशवी उंच धरून जोरात हलवली. मग दुसऱ्या हातानं माझा हात धरला आणि उतार उतरायला लागले.

“सगळे आलेत आज,” म्हणाले. “वडे पुरतील ना?”