मायच्या हुंकाराची जागा

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणालो मित्रांनो, भंगार नाही! तेवढा फरक ध्यानात असू द्या. जिंतूरला रविकांतसरांच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. सर विज्ञानकथा लिहितात. मी नवाकोरा घरात आलो, तेव्हा त्यांच्या आईने, दगडाबाईंनी, मला हळदकुंकू वाहिलं होतं.

लिहिलेला संवाद सर आधी मोठ्याने वाचून माझ्यात भरत. माय शेजारी डाळ निवडत बसायची आणि दर वाक्याला "हूं" म्हणायची. गोष्टीला हुंकार नको का?

म्हातारपणी तिचा हुंकार उशिरा येऊ लागला. सर थांबत. तेवढ्यात पंखा कुरकुरे, लांबची पिठाची गिरणी धडधडे. एकदा टेप ऐकता ऐकता सर ताडकन उठलेच.

"माय, सापडलं बग! यानातल्या माणसानं हाक मारली की लगेच उत्तर द्यायचंच न्हाई. आधी नुसता पंखा आयकू येऊ द्यायचा. वाचणाऱ्याला वाटलं पायजे, तिकडं कुणी हाय का न्हाई?"

बराच वेळ गेला. मग माय म्हणाली, "हाय की रे. आयकायलेय मी."

त्या कथेने वाचणाऱ्यांना घाम फोडला. कौतुक सरांचं झालं, माझं नाव कुणी घेतलं नाही. असो.

गेल्या वर्षी माय गेली. तिचा आवाज एका कॅसेटपुरता उरला. माझा रबरी पट्टा सैल झालेला, टेप कधी गुंतेल याचा नेम नाही. म्हणून सरांच्या लेकीने, राणीने, ती कॅसेट दुकानात नेऊन मोबाईलवर उतरवून आणली. दुकानदाराने हौसेने मधल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या होत्या.

सरांनी ऐकलं. वाक्य, हूं. वाक्य, हूं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"राणी, ही माय न्हाई. तिच्या आवाजात दुसरंच कुणीतरी बोलायलंय."

पोर रडवेली झाली. सरांनी माझी धूळ पुसली, जुनी कॅसेट माझ्यात घातली, एका वाक्यापुढच्या शांततेवर आणली आणि बटण दाबलं. पंखा कुरकुरला. छतावरचा की टेपमधला, मलाही कळेना.

"माय," सर हळूच म्हणाले, "हाईस का?"

गिरणी धडधडली. ती गिरणी केव्हाच बंद पडली आहे. दोघंही श्वास रोखून बसले.

"हूं."

तो हुंकार दुसऱ्याच वाक्याचा होता, मित्रांनो. मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं आणि कशाला?

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला जपा. त्याच्यातली शांतता रिकामी समजून पुसू नका. माझ्या मापाचा पट्टा अजून मिळालेला नाही. सर रोज दुपारी तोच प्रश्न विचारतात. पट्टा सैल होत चाललाय, म्हणून उत्तर रोज थोडं उशिरा येतं.

सर वाट पाहतात.